स्कूटरचा विमा : पोलिसाला दाखवायचा कागद?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

आपल्याकडे गाडीच्या विम्याला सरसकट ‘कागद’ म्हणतात. “गाडीचा कागद संपला काय रं?” “व्हय, पुढच्या महिन्यात करायचाय.” असा संवाद मेढ्याच्या बाजारपेठेत कोणत्याही दिवशी कानावर पडतो. या एका शब्दातच आपली वृत्ती दिसून येते. साताऱ्याच्या वाटेवर पोलिसाने हात केला तर पुढे करायचा एक कागद, एवढाच विम्याचा अर्थ आपल्या लेखी उरला आहे. कागदच घ्यायचा तर तो जितका स्वस्त मिळेल तितका बरा, असे वाटणेही मग साहजिकच आहे. अलीकडे नूतनीकरणाची रक्कम वाढल्याची तक्रार घरोघरी ऐकू येते आणि ‘सर्वांत स्वस्त विमा कोठे मिळतो?’ हा प्रश्न वर्गातही निघतो. तेव्हा ही रक्कम का वाढते, तीत काटकसर कोठे करता येते आणि कोठे केली असता ती अंगाशी येते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आमच्या तालुक्यात रस्ते आहेत, पण ते घाटवळणाचे आहेत, एस. टी. आहे, पण प्रत्येक वाडीला दर तासाला नाही. त्यामुळे स्कूटर ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दुधाची किटली तिच्यावरून डेअरीत जाते, खताचे पोते तिच्या पुढच्या फळीवर येते, तापलेले पोर तिच्यावरूनच दवाखान्यात पोहोचते आणि आपल्यापैकी कितीतरी जण सकाळी तिच्यावरूनच महाविद्यालयात येतात. तसे पाहता स्कूटर आणि आपला जिल्हा यांचे नाते जुने आहे. १९७५ साली पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ आणि बजाज ऑटो यांनी मिळून ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ ही कंपनी काढली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर तयार होत असे. त्या काळी स्कूटर हवी असेल तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आज स्कूटर कर्जाच्या हप्त्यावर दारात येते. अवघड झाले आहे ते तिला दारातून रस्त्यावर नेणे! पेट्रोल आहे, दुरुस्ती आहे आणि वर्षातून एकदा विमा आहे.

विम्याची सक्ती कशासाठी?

गाडी माझी, पैसा माझा. मग विमा काढावा की न काढावा हे सरकारने का ठरवावे, असे पुष्कळांना वाटते. याचे उत्तर इतिहासात आहे. मोटारी वाढल्या तशी अपघातांत सापडणाऱ्या पादचाऱ्यांची संख्या वाढली. ज्याच्या गाडीने अपघात झाला तो पुष्कळदा भरपाई देण्याच्या ऐपतीचा नसे. न्यायालयाने निकाल दिला तरी जखमी माणसाच्या हाती काही पडत नसे. म्हणून ब्रिटनने १९३० च्या कायद्याने गाडीचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तशी तरतूद आली आणि १ जुलै १९४६ पासून ती प्रत्यक्षात अमलात आली. आज १९८८ च्या कायद्याचे कलम १४६ हेच सांगते.

या सक्तीच्या विम्याला कायद्याच्या भाषेत ‘त्रयस्थ पक्षाचा विमा’ आणि बाजारात ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. पहिला पक्ष गाडीचा मालक, दुसरा विमा कंपनी आणि तिसरा तो रस्त्यावरचा माणूस, ज्याला आपल्या गाडीचा धक्का लागला. समजा, एखाद्या शेतकऱ्याच्या स्कूटरखाली मोलमजुरी करणारा कुटुंबप्रमुख सापडला व दगावला. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण त्याचे वय, त्याची कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून भरपाई ठरवते. ती सहज काही लाखांत जाते. विमा असेल तर ही रक्कम कंपनी देते आणि मृत्यू किंवा इजा यांसाठी तिला ठरावीक वरची मर्यादा नाही. विमा नसेल तर ती मालकाच्या डोक्यावर येते. मग जमीन विकावी लागते आणि तरीही समोरच्या कुटुंबाला पुरते पैसे मिळतीलच असे नाही. म्हणजे एक अपघात आणि उद्‌ध्वस्त घरे दोन.

दंडाची भीती ही त्यामानाने किरकोळ गोष्ट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार विनाविमा गाडी चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड आहे. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आपण मात्र दोन हजारांना भितो आणि लाखांना विसरतो.

बिलात असते काय?

नूतनीकरणाचे बिल हाती आले की आपण फक्त शेवटचा आकडा पाहतो. वास्तविक त्या आकड्याच्या पोटात तीन निरनिराळ्या वस्तू असतात आणि त्यांचे भाव ठरवणारेही निरनिराळे असतात.

पहिली वस्तू थर्ड पार्टी. तिचा दर केंद्र शासन ठरवून देते. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात दुचाकीसाठी वर्षाला पुढीलप्रमाणे रक्कम आहे : ७५ सी.सी. पर्यंत ५३८ रुपये, ७५ ते १५० सी.सी. पर्यंत ७१४ रुपये, १५० ते ३५० सी.सी. पर्यंत १,३६६ रुपये आणि त्यापुढे २,८०४ रुपये. विजेवर चालणाऱ्या गाडीस सवलत असून ३ किलोवॉटपर्यंत ४५७ आणि ३ ते ७ किलोवॉटपर्यंत ६०७ रुपये दर ठरला. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटर ११० किंवा १२५ सी.सी. च्या असल्यामुळे त्या ७१४ च्या रकान्यात बसतात. गमतीची गोष्ट अशी की, या रकान्याचा दर २०१९ मध्ये ७५२ रुपये होता. २०२२ मध्ये तो उतरला! हा दर बदलला की सर्व कंपन्यांचा एकदमच बदलतो. तेव्हा ‘अमक्या कंपनीची थर्ड पार्टी स्वस्त आहे’ असे कोणी सांगू लागला तर त्याच्या बोलण्यात काहीतरी गोम आहे असे खुशाल समजावे.

दुसरी वस्तू आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा. हा ऐच्छिक आहे. थर्ड पार्टी आणि हा, असे दोन्ही मिळून जी पॉलिसी होते तिला ‘पॅकेज’ अथवा बोलीभाषेत ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतात. पूर्वी याचेही दर बांधलेले होते. १९७२ च्या कायद्याने सामान्य विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल व युनायटेड इंडिया या चार कंपन्या राहिल्या. २००० नंतर खाजगी कंपन्या पुन्हा आल्या आणि १ जानेवारी २००७ पासून या भागाचे दर मोकळे झाले. त्यामुळे घासाघीस करायची ती येथेच.

तिसरी वस्तू मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. गाडीचा नोंदणीकृत मालक स्वतः ती चालवताना मेला किंवा कायमचा अपंग झाला तर त्याची रक्कम मिळते. २०१८ पर्यंत दुचाकीसाठी ही रक्कम १ लाख रुपये होती व तिला वर्षाला ५० रुपये पडत. सप्टेंबर २०१८ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने ती १५ लाख केली आणि हप्ता ७५० रुपये ठरवला. आज तो निरनिराळ्या कंपन्यांत निरनिराळा आहे. हाडे मोडल्याचा दवाखान्याचा खर्च मात्र यातून मिळत नाही.

या सर्वांवर १८ टक्के वस्तू व सेवा कर पडतो. नुसत्या थर्ड पार्टीचे ७१४ रुपये करासह ८४३ होतात ते यामुळेच.

मग रक्कम वाढते कशाने?

सर्वांत मोठे कारण पाच वर्षांचे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १ सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना थर्ड पार्टीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. २०२२ च्या दरपत्रकात ११० सी.सी. च्या स्कूटरसाठी ही पाच वर्षांची रक्कम ३,८५१ रुपये आहे. ती गाडीच्या किमतीबरोबर कर्जात मिसळून जाते आणि आपल्या लक्षातही राहत नाही. पुढची चार वर्षे कोणी नूतनीकरण केलेच तर ते फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे व अपघात विम्याचे असते. पाच वर्षे संपली की सहाव्या वर्षीच्या बिलात ७१४ रुपये पुन्हा दिसू लागतात. आपल्याला वाटते की कंपनीने भाव वाढवला. वास्तविक आगाऊ भरलेले पैसे संपलेले असतात.

दुसरे कारण खंड. विमा संपला आणि नव्वद दिवस उलटले की ‘नो क्लेम बोनस’ जातो. ज्या वर्षी आपण कंपनीकडे काही मागितले नाही त्या वर्षाबद्दल पुढच्या हप्त्यात मिळणारी ही सूट. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षानंतर ५० टक्के, असा तिचा चढता क्रम आहे. ही सूट फक्त स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर मिळते. पाच वर्षांची कमाई तीन महिन्यांच्या आळसात बुडाली की बिल वाढणारच.

तिसरे कारण न मागता घातलेली पुरवणी कलमे. रस्त्यात मदत, किल्ली हरवणे, सुट्या भागांची घसारा न कापता भरपाई, अशी अनेक कलमे बिलात आधीच धरलेली असतात. ती सर्वच निरुपयोगी आहेत असे नाही. पण आपण मागितली नसतील तर काढून टाकण्यास सांगावे.

काटकसर कोठे करावी?

पहिली काटकसर अपघात विम्यात. १ जानेवारी २०१९ पासून हा विमा गाडीच्या पॉलिसीपासून वेगळा घेता येतो. एका माणसाच्या नावावर दोन गाड्या असल्या तरी तो एकदाच पुरतो. दर गाडीमागे पुन्हा घेण्याचे कारण नाही. कोणाकडे निदान १५ लाखांचा स्वतंत्र अपघात विमा आधीच असेल तर त्यालाही तो परत घ्यावा लागत नाही, तसे लिहून मात्र द्यावे लागते. आणि ज्या मालकाकडे गाडी चालवण्याचा परवानाच नाही, त्याच्याकडून ही रक्कम घेताच येत नाही. कितीतरी गाड्या परवाना नसलेल्या वडिलांच्या वा आईच्या नावावर असतात. त्यांनी बिलातील हा रकाना अवश्य पाहावा.

दुसरी काटकसर बोनस सांभाळण्यात. समजा, स्कूटरचा पुढचा प्लॅस्टिकचा भाग फुटला आणि नव्याची किंमत ६०० रुपये आहे. प्लॅस्टिक, रबर व बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. म्हणजे राहिले ३००. त्यातून दुचाकीसाठी ठरलेली १०० रुपयांची सक्तीची वजावट गेली. हाती आले २००. या दोनशे रुपयांसाठी ५० टक्के बोनस शून्यावर येतो आणि पुन्हा वर चढायला पाच वर्षे लागतात. तेव्हा लहानसहान खर्च खिशातून करणे हेच शहाणपणाचे. शिवाय हा बोनस गाडीला मिळालेला नसून मालकाला मिळालेला असतो. जुनी स्कूटर विकून नवी घेताना त्याचा दाखला मागून घ्यावा. तो तीन वर्षांपर्यंत नव्या गाडीस लावता येतो. मात्र मागे भरपाई घेतली असताना ती लपवून बोनस मागू नये. ऐन वेळी कंपनी दावा नाकारू शकते.

तिसरी काटकसर तुलना करण्यात. गाडीच्या आजच्या किमतीला पॉलिसीत ‘आय.डी.व्ही.’ म्हणतात. गाडी चोरीला गेली तर हीच रक्कम मिळते. ती दर वर्षी घटते. चार ते पाच वर्षांच्या गाडीस मूळ किमतीत ५० टक्के घट धरली जाते आणि पाच वर्षांनंतर ती परस्परसंमतीने ठरते. काही वेळा बिल स्वस्त दाखवण्यासाठी ही किंमतच खाली आणलेली असते. म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना आय.डी.व्ही. दोन्हीकडे सारखी धरावी, पुरवणी कलमे सारखी ठेवावीत आणि मगच आकडे पाहावेत. ज्वारीचा भाव विचारताना पायली सारखीच धरावी लागते, तसेच हे.

काटकसर कोठे करू नये?

आता या लेखातील मुख्य मुद्द्याकडे वळतो. आपल्याकडचे नेहमीचे दृश्य असे : स्कूटर वडिलांच्या नावावर, चालवणारा मुलगा आणि मागे डबलसीट बसलेली बहीण, मित्र किंवा आजी. पाच वर्षे संपलेली आहेत आणि घरात फक्त थर्ड पार्टीचा स्वस्त कागद आहे. केळघरच्या घाटात पावसाळ्यात गाडी घसरली. समोर दुसरे वाहन नाही, दोष कोणाचाच नाही. या कागदातून कोणाला काय मिळेल?

डबलसीट बसलेल्याला काही मिळत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका स्कूटरच्याच प्रकरणात निर्णय दिला की, केवळ सक्तीच्या थर्ड पार्टी पॉलिसीमध्ये मागे बसलेल्या माणसाबद्दल कंपनीची जबाबदारी येत नाही. आपण समजतो की मागचा माणूस ‘तिसरा’ आहे. कायदा तसे समजत नाही. पॅकेज पॉलिसीची गोष्ट मात्र वेगळी. विमा नियामक प्राधिकरणाने २००९ मध्ये स्पष्ट केले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मानले की, पॅकेज पॉलिसीत दुचाकीवर मागे बसलेल्याचे संरक्षण अंतर्भूत असते.

चालवणाऱ्या मुलालाही काही मिळत नाही. अपघात विमा असलाच तर तो नोंदणीकृत मालकाचा, म्हणजे वडिलांचा आहे आणि वडील गाडीवर नव्हते. कर्नाटकातील एका प्रकरणात मागून आणलेल्या मोटरसायकलवरील तरुण पुढे चाललेली बैलगाडी एकाएकी थांबल्याने तिच्यावर आदळून मरण पावला. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले की, दुसऱ्याची गाडी चालवणारा हा मालकाच्याच जागी उभा असतो. ज्या कलमाखाली कोणाची चूक हे सिद्ध न करता भरपाई मिळते, त्या कलमाचा लाभ त्याला त्याच गाडीच्या विम्यातून मिळू शकत नाही. दुसऱ्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला तर त्या वाहनाच्या विम्यातून भरपाई मागता येते; पण घाटात आपोआप घसरलेल्या गाडीला दुसरे वाहन कोठून आणणार?

म्हणजे जो कागद आपण मोठ्या समाधानाने डिकीत ठेवतो, तो रस्त्यावरच्या परक्या माणसाचे रक्षण करतो. ते त्याने केलेच पाहिजे. पण रोज त्या गाडीवर बसणाऱ्या दोघांपैकी एकाचेही रक्षण तो करीत नाही.

मग पॅकेज पॉलिसी परवडते का? जुन्या बांधील दरपत्रकाच्या हिशोबाने एक नमुना पाहू. त्या दरपत्रकात मुंबई, पुणे अशी मोठी शहरे एका विभागात आणि साताऱ्यासारखे जिल्हे दुसऱ्या, किंचित स्वस्त विभागात होते. पाच ते दहा वर्षे जुन्या, १५० सी.सी. पर्यंतच्या दुचाकीस आपल्या विभागात किमतीच्या १.७६ टक्के दर होता. स्कूटरची किंमत ३०,००० रुपये धरली तर ५२८ रुपये झाले. पाच वर्षे बोनस सांभाळला असेल तर त्याचे निम्मे, २६४. यात थर्ड पार्टीचे ७१४ मिळवले तर ९७८ आणि करासह १,१५४. नुसती थर्ड पार्टी ८४३. फरक सुमारे ३११ रुपयांचा, म्हणजे दिवसाला एक रुपयाही नाही! आज प्रत्येक कंपनीचा दर निराळा असल्याने हा आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. पण फरक आपण समजतो तेवढा मोठा नाही, एवढे यावरून ध्यानात यावे.

आणि चालवणाऱ्या मुलाचे काय? त्यासाठी तीन मार्ग आहेत. नवी गाडी घेतानाच ती चालवणाऱ्याच्या नावावर घ्यावी, म्हणजे १५ लाखांचा विमा त्याला लागू होईल. ते जमत नसेल तर त्याच्या नावाने स्वतंत्र अपघात विमा घ्यावा. तेही जमत नसेल तर निदान प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी घ्यावी. १८ ते ७० वर्षे वयाच्या व बँकेत खाते असलेल्या कोणालाही ती घेता येते. २०१५ मध्ये ती वर्षाला १२ रुपयांनी सुरू झाली आणि १ जून २०२२ पासून २० रुपये झाली. अपघाती मृत्यू किंवा संपूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख आणि अंशतः कायम अपंगत्वास १ लाख रुपये मिळतात. वीस रुपयांत आज एक वडापावही पोटभर होत नाही. शिष्यवृत्तीसाठी आपल्यापैकी बहुतेकांनी बँकेत खाती उघडलेली आहेत. त्याच बँकेत एक अर्ज भरावा लागतो आणि दर वर्षी मेअखेर खात्यात तेवढे पैसे ठेवावे लागतात.

येथे परवान्याचीही आठवण ठेवली पाहिजे. विमा आहे पण चालवणाऱ्याकडे परवाना नाही, अशा वेळी कंपनीला जखमीस भरपाई देण्याचा आदेश झाला तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा तिला मिळू शकते. धाकट्या भावाने हट्ट धरला म्हणून किल्ली देताना वडिलांची जमीन आपण गहाण टाकीत आहोत, हे लक्षात घ्यावे.

घेताना आणि विकताना

मोटारीच्या विम्याला सवलतीचे दिवस नसतात. पॉलिसीवर लिहिलेल्या तारखेच्या मध्यरात्री तो संपतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपण विनाविमा असतो. म्हणून निदान आठवडाभर आधी नूतनीकरण करावे. १९३८ च्या विमा कायद्यानुसार हप्ता मिळाल्यावाचून कंपनीची जबाबदारी सुरू होत नाही. तेव्हा ई-सेवा केंद्रात किंवा एजंटाकडे पैसे दिले म्हणून निर्धास्त राहू नये. पॉलिसी हातात घ्यावी आणि गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक, वाहनाचा प्रकार व तारीख आर. सी. शी ताडून पाहावी. बनावट पॉलिसीचे प्रकार घडतात. परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’ या ॲपवर आपल्या गाडीचा विमा कधीपर्यंत आहे ते फुकट दिसते.

आपल्या भागात जुन्या स्कूटरची खरेदी-विक्री पुष्कळ चालते आणि तीही बहुधा विश्वासावर. पैसे घेतले, किल्ली दिली, सही केलेला अर्ज दिला, व्यवहार संपला! परंतु २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, परिवहन कार्यालयाच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. तेव्हा विकणाऱ्याने नाव बदलल्याची खात्री करावी. घेणाऱ्याने १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करावी, कारण आधीच्या मालकाचा बोनस त्याच्याबरोबर जातो.

कंपनीने दावा अडवून ठेवला तर प्रथम तिच्याचकडे लेखी तक्रार करावी. एक महिन्यात निकाल लागला नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. आपल्या जिल्ह्यासाठी त्याचे कार्यालय पुण्यास आहे आणि तेथे वकील लागत नाही, शुल्कही लागत नाही. नियामक प्राधिकरणाकडे १५५२५५ या दूरध्वनी क्रमांकावरही तक्रार सांगता येते.

हा कागद वाचायचा कोणी?

पॉलिसी बहुधा इंग्रजीत असते, अक्षरे बारीक असतात आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरात ती वाचू शकणारे आपणच पहिले असतो. वडिलांनी आजवर ती घडी करून आर. सी. बरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली. त्यांना दोष देता येणार नाही. पण आपण कलाशाखेत इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र शिकतो, उतारे वाचून त्यांचे तात्पर्य काढतो. मग घरातल्या एका पानाचे तात्पर्य आपल्याला काढता येऊ नये का?

विद्यार्थी मित्रहो, येत्या रविवारी ती पिशवी सोडा आणि पाच गोष्टी पाहा. पॉलिसी कोणत्या तारखेला संपते? ती नुसती थर्ड पार्टी आहे की पॅकेज? मालक म्हणून कोणाचे नाव आहे आणि गाडी प्रत्यक्ष चालवतो कोण? अपघात विम्याची रक्कम घेतली आहे का, आणि ती ज्याच्यासाठी घेतली त्याच्याकडे परवाना आहे का? बोनस किती टक्के लिहिला आहे? एवढे पाहून झाले की घरच्यांना ते मराठीत समजावून सांगा. नूतनीकरणाला किती पैसे घालायचे ते त्यांनी ठरवावे. पण आपल्या गाडीवर मागे बसणाऱ्या माणसाचे नाव त्या हिशोबात धरले आहे की नाही, हे ठरवताना त्यांना माहीत असावे.